बिरादारची टोपी

शाळेच्या कागदांवर नाव होतं ब्रदर ओवेन फॅलन.
आमच्या जिभेला ब्रदर पेलला नाही,
पहिल्याच आठवड्यात त्याचा बिरादार झाला.
बैलहोंगलची पोरं म्हणाली, आमच्यातलाच दिसतोय.
आम्ही शहापूरकर म्हणालो, हट्,
आमच्या आत्याच्या गल्लीत दोन घरं आहेत बिरादारांची.

साडेसहा फूट उंच. डावा कान
वाळल्या अळंबीसारखा चुरगळलेला.
उजवा गुडघा जिना चढताना करकरायचा,
मागच्या बाकावर ऐकू यायचा.

कॅम्पातल्या मैदानावर लिंबोळ्या झाडून
त्यानं चुन्याच्या रेघा मारल्या
आणि अंड्यासारखा चेंडू हातात दिला.
पळायचं पुढे, चेंडू मात्र द्यायचा मागे.
परशा मुचंडीकर म्हणाला, "काय हे उलटं खूळ!"
मी विणकराचा पोर, मला कळलं:
धोटा आडवाच फिरतो,
लुगडं तरी वाढत जातं.

मग आठ जणांनी खांद्यात खांदा अडकवून वाकायचं,
समोर आठ,
आणि तीन आकडे मोजून ढकलायचं.
तिथे घोडं अडलं.
एक दोन तीन, की ओंदू एरडू मूरू?
त्या वर्षी पाट्यांना डांबर लागलेलं,
गणपत गल्लीतली दुकानं आठवड्यात दोनदा बंद.
शिवबसू अंगडीचं डोकं माझ्या बरगडीत,
आणि आम्ही दोघं हटून बसलेलो, वाकलेल्या वाकलेलेच.

बिरादारनं शिट्टी खिशात टाकली.
"हेन. दो. त्री."
त्याच्या आजीचे आकडे.
कुणाचेच नसलेले म्हणून त्यानं काढले असतील,
मला मात्र त्यात दोन आणि तीन ऐकू आले.
शिवबसूला नंतर विचारलं, तर म्हणाला,
"मला काय ऐकू येतंय, तुझा घाम नाकात गेला होता."

एकदा सायकलवरून आमच्या घरी आला.
रुमालात गुंडाळलेली हिरवी मखमली टोपी,
गोंडा तुटलेला, पुढे तीन पानांचं गवत भरलेलं,
कडेला जरीत साल:
अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, मग एकदम बावन्न.
"मधली दोन?" बाबांनी भिंगातून विचारलं.
त्यानं गुडघ्यावर टिचकी मारली.

तिकडे म्हणे देशाकडून खेळलं की टोपी देतात,
आणि नंतरचा प्रत्येक सामना टोपीतच मोजतात.
याच्या सात.
"म्हणजे सरकारनं सात वेळा टोपी घातली तुम्हाला!"
मी भाषांतर केलं, ते धड जमलं नाही,
तरी तो इतका हसला की मागाची सुतं हलली.

"कुठल्या सरकारनं?" तो म्हणाला.
तिथेही नकाशावर मधोमध रेघ आहे.
दोन सरकारं, दोन झेंडे, संघ मात्र एकच.
रेघेच्या वरची पोरं आणि खालची
एकाच चिखलात, एकमेकांच्या बगलेत डोकं घालून.
शेवटच्या सामन्यात गुडघा गेला,
तेव्हा बदली घ्यायची पद्धत नव्हती;
वीस मिनिटं एका पायावर ढकलत राहिला.
बूट कुणी काढले, त्याला आठवत नव्हतं.

बाबा सुई ओवत होते.
"आणि आकडे? ते कुठल्या भाषेत मोजता तिकडे?"

"इंग्रजीत," तो म्हणाला,
आणि मी त्याला पहिल्यांदाच खाली बघताना पाहिलं.

टोपी न्यायला तो आलाच नाही.
पावसाळ्यात त्याची बदली झाली, आफ्रिकेत कुठेतरी;
मैदानावर पुढच्याच वर्षी क्रिकेट सुरू झालं.
मी टोपी ट्रंकेत ठेवली आहे, डांबराच्या गोळ्यांत.
आत बाबांच्या हातची पावती आहे अजून:

बिरादार. हिरवी टोपी, नग एक.
गोंडा बसवला. जर शहापुरी लावली आहे,
रंग थोडा वेगळा दिसेल.